पाय कोणाचा होता

मित्रांनो, मी एक जुना पेडलांचा जोड आहे. सायकलच्या नाही, विमानाच्या. तेही ढगांवरून जाणाऱ्या मोठ्या विमानाच्या नाही, दोन माणसं जेमतेम मावतील अशा शिकाऊ विमानाच्या. जोड म्हणजे आम्ही दोघे, डावा आणि उजवा, पण जन्मभर जे भोगलं ते बरोबरीने भोगलं, म्हणून मी आपला 'मी' म्हणूनच बोलतो. सध्या माझा मुक्काम एका वर्गाच्या कोपऱ्यात आहे. लाकडी पाटावर मला स्क्रूंनी बसवलं आहे आणि शिकायला येणारी पोरं माझ्यावर खुशाल हेल्मेट ठेवतात.

माझी कहाणी फार मिरवण्यासारखी नाही, हे आधीच सांगतो. तरी ऐका, कारण ती माझ्याशिवाय कोणालाच पूर्ण ठाऊक नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा रस साच्यात ओतला, थंड झाल्यावर कानशीने कडा घासल्या, बूट घसरू नये म्हणून अंगावर आडव्या रेघा कोरल्या. तपासनीसाने मला उलटंसुलटं करून पाहिलं, ठोकून पाहिलं आणि पाठीवर शिक्का मारला. मग मला एका छोट्या पांढऱ्या विमानात उजव्या खुर्चीच्या पायाशी बसवलं.

त्या विमानात शेजारी शेजारी दोन खुर्च्या होत्या. डावीकडे शिकणारा बसायचा, उजवीकडे शिकवणारा. दोघांच्या पायाशी पेडलांचा एकेक जोड. पेडल दाबलं की शेपटीवरचं सुकाणू वळतं आणि विमानाचं नाक त्या बाजूला फिरतं. आता पुढचं नीट ऐका. डावीकडचा जोड आणि मी आतून दांड्याने जोडलेले होतो. शिकणाऱ्याने पाय दाबला की मीही तेवढाच दबायचो, आणि शिकवणाऱ्याने मला दाबलं की शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडलही तेवढंच दबायचं. नवख्याला यातला फरक कळत नाही. त्याला वाटतं, आपणच दाबलं. मला मात्र कळायचं. माझ्या अंगावर बूट आहे की नाही, यात मी कसा चुकणार?

माझी पहिली काही वर्षं मोठ्या बाईंबरोबर गेली. बाई त्या उड्डाणशाळेच्या प्रमुख. बोलायला फटकळ, पण शिकवायला पक्क्या. विमान उतरताना त्या दोन्ही पाय मागे घेऊन जमिनीवर सपाट ठेवायच्या. अगदीच गरज पडली तर मला दाबायच्या, पण दाबताक्षणी मोठ्याने म्हणायच्या, "मी पाय लावला. हे लँडिंग माझं. पुढचं तुझं." शिकणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. काही पोरं मागे त्यांना 'खडूस बाई' म्हणायची. खरं सांगतो, मलाही त्या तेव्हा जरा निष्ठुरच वाटायच्या.

मग सर आले. तरुण, हसतमुख, पायात मऊ तळाचे तपकिरी बूट. माझ्यावर टेकलेले कळायचेसुद्धा नाहीत, इतके हलके पाय. माणसाचा स्वभाव मी तळव्यावरून ओळखतो, आणि सरांचा स्वभाव लोण्यासारखा होता. ते कधी ओरडले नाहीत, कोणाची चेष्टा केली नाही. घाबरलेल्या पोरांना बाईंकडून काढून सरांकडे द्यायचे आणि आठवड्याभरात ती पोरं हसायला लागायची. सरांच्या विद्यार्थ्यांची लँडिंगही अशी व्हायची, की चाकं कधी टेकली ते कळू नये. शाळेत त्यांचं नावच पडलं लोणी सर. सरांना ते नाव आवडायचं. चारचौघांत कोणी ते घेतलं की माझ्यावरच्या बुटांची टोकं खुशीने हलायची.

आता या लोण्याचं गुपित सांगतो. सुरुवातीला सर फक्त बुटाची टोकं माझ्यावर टेकवून बसायचे, न जाणो कधी लागलं तर. एकदा एका मुलाचं विमान दोनदा दाणकन आपटलं आणि तो रडवेला झाला. तिसऱ्या वेळी सरांनी मला हळूच दाबलं. विमान सुरेख उतरलं. मुलाने वळून पाहिलं, त्याचा चेहरा उजळला होता. "सर, जमलं." आणि सर म्हणाले, "जमलं की. मी काहीच केलं नाही."

त्या दिवशी मलाही बरं वाटलं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? एका पोराचं मन राखलं, त्यात काय बिघडलं, असं मलाही वाटलं. मग सर ते दुसऱ्याशी करू लागले, तिसऱ्याशी करू लागले, आणि हळूहळू त्यांच्या पायाला सवयच लागून गेली. पुढे पुढे तर आपण पाय लावतोय हे सरांच्याही ध्यानात येत नसावं.

अशात ती आली. शिंप्याची मुलगी, एकवीस-बावीस वर्षांची, उंचीने लहान. पहिल्या दिवशी खुर्चीत बसली तर तिचे पाय पेडलांपर्यंत पोचेनात. दुसऱ्या दिवशी तिने घरून एक जाड उशी आणली, वडिलांनी खास शिवलेली, पाठीमागे ठेवायला. झालं, शाळेने तिचं नावच 'उशी' ठेवलं. ती चिडली नाही. उलट फळ्यावर उड्डाणांची यादी लिहिताना स्वतःच 'उशी' लिहायची.

मेहनत म्हणजे किती करावी? उड्डाण नसलं तरी ती हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, येऊन विमानात बसायची, डोळे मिटायची आणि पुटपुटत पेडलं दाबायची. "वारा डावीकडून. नाक सरळ. उजवा पाय." तेव्हा मी तिच्याबरोबर खालीवर व्हायचो आणि मनात म्हणायचो, ही पोरगी शिकणार.

पण हवेत गेल्यावर गोष्ट वेगळी व्हायची. मित्रांनो, वारा जेव्हा आडवा असतो तेव्हा विमान धावपट्टीकडे तिरकं तिरकं येतं. चाकं टेकण्याआधी पेडल दाबून नाक सरळ करावं लागतं, नाहीतर विमान आडवं सरकतं. ती दाबायची, पण घाबरत, अर्धंच. उरलेलं अर्धं सर दाबायचे. विमान सरळ व्हायचं, अलगद टेकायचं आणि सर म्हणायचे, "वा. बघ, किती सहज करतेस."

एकदा तिने विचारलंही. इंजिन बंद झालं होतं, दोघं पट्टे सोडत होती. "सर, तुम्ही मधेच पाय लावता का हो? मला कधीकधी वाटतं, पेडल माझ्याआधीच खाली जातंय."

सर हसले. "अगं, वाऱ्याने सुकाणू हलतं ना, तसं वाटतं. स्वतःवर विश्वास ठेवायला शीक."

तिने मान डोलावली. स्वतःच्या पायाचं ऐकायचं सोडून तिने सरांचं ऐकलं. सर होते ना ते. आणि तिचा पाय त्या अर्ध्या दाबालाच पुरेसं समजायला लागला.

एकट्याने विमान उडवायच्या पहिल्या उड्डाणाला सोलो म्हणतात. शिकणाऱ्याच्या आयुष्यातला तो मोठा दिवस. त्याआधी मोठ्या बाई स्वतः विद्यार्थ्याला तपासायच्या. पण त्या आठवड्यात बाई बाहेरगावी होत्या आणि त्यांच्या मागे सही करायचा अधिकार सरांना होता. उशीने वडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं. दुकान बंद करून शिंपीकाका कुंपणापाशी येऊन उभे होते, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. त्यांना बघून सर विरघळले. वारा थोडा आडवा होता, फार नाही. सरांनी आकाशाकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं आणि कागदावर सही केली.

मग ते खाली उतरले. रिकाम्या खुर्चीवरचा पट्टा त्यांनी घट्ट बांधला, उशीच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "माझ्याबरोबर करतेस तसंच कर. दुसरं काही नाही."

दार बंद झालं. माझ्यावर कोणाचाच बूट नव्हता.

उड्डाण छान झालं. फेरी छान झाली. ती एकटीच गुणगुणत होती. मग धावपट्टी समोर आली. विमान तिरकं येत होतं, नेहमीसारखं. तिने पेडल दाबलं, नेहमीसारखं, अर्धं. आणि वाट पाहिली. विमान नेहमी सरळ व्हायचं, आताही होईल म्हणून ती वाट पाहत होती. माझ्या अंगात असतं तर मी स्वतःच खाली गेलो असतो. पण मी पेडल. कोणी दाबल्याशिवाय मी काय करणार?

चाकं आडवी टेकली. विमान गर्रकन फिरलं, धावपट्टी सोडून गवतात गेलं, कडेच्या चरात पुढचं चाक मोडलं आणि नाकावरचा पंखा मातीत रुतला. तिचा डावा पाय पेडल आणि मुडपलेला पत्रा यांच्यामध्ये अडकला. ती ओरडली नाही. "वळलं कसं नाही, वळलं कसं नाही," एवढंच म्हणत राहिली. कुंपणावरून उडी मारून सगळ्यांत आधी शिंपीकाका पोचले.

तिच्या टाचेचं हाड मोडलं होतं. जीव वाचला, तेवढ्यासाठी देवाचे आभार.

बाई परत आल्या. मोडकं विमान हँगरमध्ये ओढून आणलं होतं, उजवं दार उघडंच होतं. बाई दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरांना विचारलं, "तू पाय लावत होतास का?"

"नाही, बाई."

"आठवून सांग. एकदाही नाही?"

"एकदाही नाही. सगळी लँडिंग तिने स्वतः केली."

बाईंनी सरांच्या बुटांकडे पाहिलं. मग सुस्कारा टाकला आणि कागदावर लिहिलं, विद्यार्थिनीच्या पायाला अंदाज नाही. लिहिताना त्यांनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला कळलं. त्यांना संशय होता, असं मला वाटतं. पण पुरावा कुठे होता? पुरावा म्हणजे मी, आणि मी मूग गिळून बसलेला.

दोन महिन्यांनी उशी आली, कुबड्या घेऊन. बरोबर वडील. तिने विमानाकडे एकटक पाहिलं आणि सरांना म्हणाली, "सर, तुमच्याबरोबर असताना सगळं व्यवस्थित व्हायचं. मग एकटी असतानाच का बिघडलं? मी काय वेगळं केलं?"

मित्रांनो, त्या वेळी खरं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. सर दाराला धरून उभे होते, त्यांचे पाय मला दिसत होते, एक पाऊल पुढे आलं आणि पुन्हा मागे गेलं. ते म्हणाले, "एकटं असलं की काहींचं अवसान गळतं गं. प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो. मनाला लावून घेऊ नकोस."

शिंपीकाका म्हणाले, "सर, तुम्ही जिवापाड शिकवलंत तिला. आमचंच काहीतरी कमी पडलं." आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. मला तेव्हा इतकी लाज वाटली, की पुन्हा वितळून रस व्हावं असं वाटलं.

ती परत आली नाही. विमान भंगारात काढलं. मेकॅनिकने मला आणि डावीकडच्या जोडाला दांड्यासकट सोडवलं आणि एका खोक्यात टाकलं. तिथे आम्ही तीन वर्षं गंजलेल्या नटबोल्टांमध्ये पडून होतो. मग कोणाला तरी सुचलं, की हे शिकवायला बरं आहे, आणि आम्हांला पाटावर बसवून वर्गात आणलं. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या खुर्चीत सर बसत होते.

सर बदलले होते. आता ते उडताना पाय मागे घेऊन बसतात, असं पोरं आपसांत बोलायची. लोणी सर हे नाव कोणी घेत नसे. नव्या प्रशिक्षकांना ते बजावून सांगत, पाय लावला तर बोला. का, ते मात्र सांगत नसत.

एकदा वर्गात प्रशिक्षक व्हायला आलेल्या एका तरुणीने विचारलं, "सर, विद्यार्थ्याला कळू न देता जरासा पाय लावला तर काय बिघडलं? तेवढाच त्याला धीर येतो."

सर फळ्याकडून वळले. खडू खाली ठेवला. बाकीच्यांना त्यांनी जायला सांगितलं, आणि तिला बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तिला सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"आधी वाटलं, नोकरी जाईल. मग बाईंना काय तोंड दाखवू, असं वाटलं. मग न सांगायचीच सवय झाली."

"सर, मग हे मला सांगून काय उपयोग?" ती पोरगी म्हणाली. उद्धटपणे नाही, पण म्हणाली. बाईंची आठवण झाली मला.

त्या रविवारी दुपारी उशी आली. मी तिला पावलांवरूनच ओळखलं, डावं पाऊल जरा हळू पडत होतं. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. सरांनी दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"काय करतेस हल्ली?"

"बाबांचं दुकान बघते. मशीनवर बसते दिवसभर. तुम्ही का बोलावलंत, सर?"

सरांनी पाटाकडे बोट दाखवलं. तिची खुर्ची डावीकडच्या जोडासमोर ओढली. "पाय ठेव. डोळे मीट. आणि तू काही करू नकोस." मग ते स्वतः माझ्यासमोर बसले. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे. त्यांनी बुटाचं टोक माझ्यावर टेकवलं आणि मला हळूच दाबलं, तेव्हा दाबायचे तसंच.

तिच्या पायाखाली पेडल खाली गेलं.

तिने डोळे उघडले नाहीत. "हे ओळखते मी," ती म्हणाली. "विमान सरळ व्हायचं तेव्हा असंच वाटायचं."

"ते मी करत होतो. दर वेळी. आणि बाईंना मी खोटं सांगितलं. चूक तुझी नव्हती."

छोटी पोर पाटावरच्या स्क्रूशी खेळत होती. उशी म्हणाली, "अकरा वर्षं मी कुठली गाडी चालवली नाही, सर. हिलाही सायकल घेऊ दिली नाही. हिचे बाबा भांडतात माझ्याशी. मी म्हणते, आमच्या घराण्यात पायाला अंदाज नाही."

सर खाली मान घालून रडत होते. "मला माफ कर," म्हणाले.

"करेन बहुतेक. आज नाही करता येणार." ती उठली, मुलीचा हात धरला. दारापर्यंत गेली आणि थांबली. "एकच सांगा. इतकी लँडिंग केली आपण. त्यातलं एक तरी माझं होतं का?"

सरांनी वर पाहिलं. त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला, ते मला दिसत होतं. "माहीत नाही गं," ते म्हणाले. "मी कधी लक्षातच ठेवलं नाही."

ती "बरं" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मित्रांनो, मदत करणं वाईट नाही. पण मदत लपवून केली, की ज्याला मदत केली त्याचं स्वतःचं जे काही असतं, तेही त्या मदतीखाली गाडलं जातं, आणि मग शोधून सापडत नाही. तुम्ही उद्या कोणाला काही शिकवाल, धाकट्या भावाला गणित शिकवाल, मैत्रिणीला पोहायला शिकवाल. हात लावलात तर तेव्हाच सांगा. आणि तुम्हांला कोणी शिकवत असेल, तर न लाजता विचारा, यातलं माझं किती.

सरांना माहीत नव्हतं. मला माहीत आहे. तीन होती, तिच्या पायाला अर्ध्या दाबाची सवय लागण्याआधीची. एकदा सरांच्या पोटरीत गोळा आला आणि त्यांनी पाय आखडून घेतले. एकदा चुकून गांधीलमाशी आत शिरली आणि सर पाय वर घेऊन बसले. एकदा नव्या बुटाने टाच सोलली म्हणून त्यांनी पाय बाजूला टेकवला होता. तिन्ही वेळा माझ्यावर कोणी नव्हतं. तिन्ही वेळा तिने पेडल पूर्ण दाबलं, चाकं किंचाळली, विमान जरा उसळलं, पण धावपट्टीच्या मधोमध उभं राहिलं. आणि तिन्ही वेळा ती ओशाळून म्हणाली होती, "सॉरी सर, आज बिघडलं."

तीच तिची होती. डावं पाऊल जरा हळू टाकते, मुलगी बरोबर असते. कुठे भेटली, तर तिला एवढं सांगा.